राखीव चढाईपटू (कबड्डी)

राखीव चढाईपटू म्हणजे कबड्डी संघाच्या मैदानावरील सात खेळाडूंत सुरुवातीला नसलेला, परंतु मुख्य चढाईपटू जखमी झाल्यास, दमल्यास किंवा त्याचा खेळ प्रतिपक्षाच्या लक्षात आल्यास त्याच्या जागी उतरवला जाणारा खेळाडू होय. व्यवहारात ही संज्ञा अधिक सैलपणे वापरली जाते. सातांत असलेल्या, पण एरवी दुसऱ्या किंवा तिसऱ्या क्रमांकावर चढाया करणाऱ्या खेळाडूवर मुख्य चढाईपटूच्या गैरहजेरीत सगळा भार येतो, तेव्हा त्यालाही राखीव किंवा पर्यायी चढाईपटू म्हटले जाते. बाकावर बसलेल्या खेळाडूपेक्षा या दुसऱ्या प्रकारच्या खेळाडूवरच संघाचे भवितव्य बहुधा अवलंबून असते, हे पुढील उदाहरणांवरून दिसून येईल.

प्रो कबड्डी लीगचा २०२२ चा नववा हंगाम या दृष्टीने विशेष मानला जातो. त्या हंगामाच्या उपांत्य फेरीत पुणेरी पलटण आणि तमिळ थलैवाज हे संघ समोरासमोर आले, तेव्हा दोन्ही संघांचे प्रमुख चढाईपटू दुखापतीमुळे बाहेर होते.

नियमांतील तरतूद

कबड्डीच्या संघात जास्तीत जास्त बारा खेळाडू असतात. त्यांपैकी सात मैदानावर उतरतात आणि उरलेले पाच राखीव असतात. पंचांच्या परवानगीने, विश्रांतीकाळात (टाइम आउट) किंवा मध्यंतरात, या पाच खेळाडूंना बदली म्हणून आणता येते. बदललेला खेळाडू पुन्हा मैदानावर परतू शकतो. प्रत्येक संघाला प्रत्येक डावात तीस सेकंदांचे दोन विश्रांतीकाळ मिळतात. खेळाडू जखमी झाल्यास पंच स्वतः खेळ थांबवतात.

बदली खेळाडूला कबड्डीत पूर्ण अधिकार असतात. तो चढाई करू शकतो, पकड करू शकतो, गुण मिळवू शकतो. क्रिकेटमध्ये तसे नाही. तेथे जखमी खेळाडूऐवजी आलेला खेळाडू क्षेत्ररक्षण करतो, पण त्याला फलंदाजी किंवा गोलंदाजी करता येत नाही. डोक्याला मार लागून मेंदूला हादरा बसल्यास पूर्ण अधिकारांचा बदली खेळाडू देण्याची सवलत आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये २०१९ मध्ये आली. कबड्डीचा नियम या बाबतीत पहिल्यापासूनच उदार आहे, असे म्हणता येईल.

या उदारपणाला दोन अपवाद आहेत. पहिला अपवाद शिस्तीचा आहे. पंचांनी निलंबित केलेल्या किंवा सामन्यातून बाद केलेल्या खेळाडूच्या जागी दुसरा खेळाडू देता येत नाही आणि संघाला तेवढ्या कमी खेळाडूंनिशी खेळावे लागते. दुसरा अपवाद चढाईपटूच्या दुखापतीशी थेट निगडित आहे, तरी प्रेक्षकांच्या तो सहसा ध्यानात येत नाही. नियमानुसार बाद झालेला खेळाडू बदलता येत नाही. चढाईपटूला बहुतेक वेळा पकडीतच इजा होते आणि पकड यशस्वी झाली म्हणजे तो बादही झालेला असतो. अशा वेळी तो मैदानाबाहेर कण्हत पडला असला तरी त्याच्या संघाला लगेच नवा माणूस मिळत नाही. सहकाऱ्याने गुण मिळवून त्याला जिवंत केल्यानंतरच त्याच्या जागी राखीव खेळाडू उतरू शकतो. म्हणजे संघावर सर्वांत कठीण प्रसंग येतो, नेमक्या त्याच घटकेला त्याला एक माणूस कमी असतो.

चढाईपटूंची जबाबदारी आणि क्रम

चढाईपटूने दम न सोडता ‘कबड्डी, कबड्डी’ असा उच्चार करीत मध्यरेषा ओलांडून प्रतिपक्षाच्या अंगणात जायचे असते, निदान निदान-रेषा ओलांडायची असते आणि गडी टिपून किंवा बोनस गुण घेऊन परतायचे असते. चढाईला तीस सेकंदांची मर्यादा असते. पुरुषांच्या मैदानात निदान-रेषा मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर आणि बोनस रेषा तिच्या एक मीटर पुढे असते. समोर सहा किंवा सात बचावपटू असतील तरच बोनस गुण मिळतो.

संघात साधारणपणे तीन खेळाडूंकडे चढायांची मुख्य जबाबदारी असते. पहिला चढाईपटू सर्वाधिक चढाया करतो. दुसरा त्याला विश्रांती देतो, आणि पहिला बाद झाला असता गुण घेऊन त्याला परत आणण्याचे काम बहुतांशी त्याच्याकडेच असते. तिसरा चढाईपटू अनेकदा अष्टपैलू असतो. तो एखादा कोपरा किंवा मध्यरक्षकाची जागा सांभाळतो आणि गरज पडेल तेव्हा चढाई करतो.

यामुळे मुख्य चढाईपटू नसताना खेळण्याची सवय कबड्डी संघाला मुळातच असते. उत्तम चढाईपटूसुद्धा सामन्याचा मोठा भाग बाद होऊन बाहेर बसलेला असतो. दुखापतीने फरक पडतो तो इतकाच की बाहेर गेलेला माणूस परत येणार नसतो. एरवी दुसरा चढाईपटू एक गुण घेऊन आपले काम संपवू शकतो, कारण त्यानंतर पहिला पुन्हा उभा राहतो. मुख्य खेळाडू जायबंदी झाल्यावर मात्र त्या एका गुणाने दुय्यम ताकदीचाच आणखी एक खेळाडू आत येतो. परिणामी लोण चढण्याची शक्यता वाढते आणि लोणाबरोबर प्रतिपक्षाला दोन जादा गुण मिळतात.

पर्याय निवडताना बाजूचाही विचार करावा लागतो. बहुतेक चढाईपटू एका ठराविक बाजूने अंगणात शिरतात आणि त्यांचा पुढचा पाय, हातस्पर्शाची दिशा व परतीची वाट त्यावरच ठरलेली असते. डाव्या बाजूचा चढाईपटू गमावलेल्या संघाने उजव्या बाजूचा राखीव खेळाडू उतरवला, तर त्याच बाजूला आधीपासून असलेल्या सहकाऱ्याशी त्याचे काम एकसारखे होते आणि प्रतिपक्षाच्या एका कोपऱ्याला अर्धी विश्रांती मिळते. प्रशिक्षक त्यामुळे केवळ गुणांची सरासरी पाहून पर्याय ठरवीत नाहीत.

दुखापतींचे स्वरूप

चढाईपटूच्या शरीरावर एकाच वेळी उलटसुलट दिशांनी जोर येतो. तो मध्यरेषेकडे झेपावत असतो आणि तीन-चार जण त्याला मागे खेचत असतात. चवडा पकडल्यावर घोटा जागच्या जागी अडकतो, पण शरीर वळत राहते. पट काढला की गुडघ्यावर भार येतो. साखळीच्या धक्क्याने खेळाडू खांद्यावर आदळतो. गुडघ्याच्या पुढच्या अस्थिबंधाची इजा (एसीएल), घोटा मुरगळणे, खांदा निखळणे आणि बोटांची हाडे मोडणे या दुखापती त्यामुळे नेहमीच्या आहेत. यांपैकी एसीएलची इजा सर्वांत जास्त धास्तावणारी आहे. शस्त्रक्रिया करावी लागली तर पुनरागमनाला सहसा सहा ते नऊ महिने, क्वचित त्याहून अधिक काळ लागतो. म्हणजे तो हंगाम संपलाच.

मातीवरील खेळ मॅटवर गेल्यानंतर खरचटणे कमी झाले. मात्र मॅटवर बुटाची पकड घट्ट बसत असल्याने अचानक दिशा बदलताना गुडघ्यावर येणारा ताण मातीपेक्षा वेगळा असतो. गावच्या मातीच्या मैदानावर घडलेल्या खेळाडूला जिल्हा किंवा राज्य पातळीवर एकदम मॅटवर उतरावे लागते, तेव्हा ही अडचण जाणवते.

चढाईपटू केवळ चढाई करतानाच जखमी होतो असे नाही. प्रतिपक्षाची चढाई चालू असताना तोही साखळीतला एक गडी असतो. पुढे दिलेले पवन सेहरावतचे उदाहरण याच प्रकारचे आहे.

२०२२ : तमिळ थलैवाज

प्रो कबड्डीच्या नवव्या हंगामाच्या लिलावात तमिळ थलैवाज संघाने पवन सेहरावत याला २ कोटी २६ लाख रुपयांना घेतले. तोवरची ती लीगमधील सर्वोच्च बोली होती. संघांना खेळाडूंवर खर्च करण्यासाठी ४ कोटी ४० लाख रुपयांची मर्यादा होती. म्हणजे निम्म्याहून अधिक रक्कम एका चढाईपटूवर खर्च झाली. इतका मोठा हिस्सा एका गुडघ्यावर लावणे शहाणपणाचे होते का, हा प्रश्न नंतर विचारला जाणे साहजिक होते.

८ ऑक्टोबर २०२२ रोजी बंगळूर येथे गुजरात जायंट्सविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात पवनच्या गुडघ्याला दुखापत झाली. प्रतिस्पर्धी चढाईपटूला पकडण्याच्या प्रयत्नात तो कोसळला आणि त्याला मैदानाबाहेर न्यावे लागले. सामना ३१-३१ असा बरोबरीत सुटला, पण पवन त्या हंगामात पुन्हा खेळला नाही.

संघाची सुरुवात अपेक्षेप्रमाणे अडखळत झाली आणि हंगामाच्या मध्यात प्रशिक्षकपदाची सूत्रे अशन कुमार यांच्याकडे गेली. पवनची जागा भरून निघाली ती नरेंदर या नवख्या खेळाडूमुळे. पहिलाच हंगाम खेळणाऱ्या नरेंदरने चढायांतून दोनशेचाळीसहून अधिक गुण मिळवले. दुसऱ्या बाजूने महाराष्ट्राचा अजिंक्य पवार उभा राहिला. नरेंदरसारखी आक्रमकता त्याच्या खेळात नव्हती, पण नरेंदर बाद झाल्यावर अंगण रिकामे होऊ न देण्याचे काम तो चोख करीत असे. राखीव चढाईपटूचे मोल मोजताना गुणतक्त्यात ही गोष्ट दिसत नाही. तमिळ थलैवाज तोवर एकदाही बाद फेरीत पोहोचला नव्हता. सर्वांत महागडा खेळाडू गमावलेल्या याच हंगामात त्याने प्रथमच ती मजल गाठली, आणि यूपी योद्धाजविरुद्धचा सामना बरोबरीनंतरच्या जादा चढायांत जिंकून उपांत्य फेरीत प्रवेश केला.

२०२२ : पुणेरी पलटण

पुणेरी पलटणचा आधार अस्लम इनामदार व मोहित गोयत या जोडीवर होता. अस्लम हा अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील टाकळीभानचा. बी. सी. रमेश यांच्या मार्गदर्शनाखालील या संघात परदेशी अनुभवी बचावपटू फझल अत्राचली कर्णधार होता, तर चढाईपटू बहुतांश तरुण होते. साखळी फेरीत संघ दुसऱ्या स्थानावर राहिला आणि थेट उपांत्य फेरीत गेला. मात्र निर्णायक सामन्यांच्या तोंडावर अस्लम व मोहित दोघेही जायबंदी झाले.

पलटणकडे उरलेले पर्याय असे होते : पंकज मोहिते, आकाश शिंदे आणि आदित्य शिंदे. तिघेही महाराष्ट्राचे. पंकज हा त्यांतला सर्वांत अनुभवी. पण अस्लम-मोहित जोडी पुढे आल्यामुळे त्याच्या वाट्याला दुय्यम भूमिका आली होती. छोट्या जागेतून निसटणे आणि पकडीच्या गर्दीतून मध्यरेषेपर्यंत हात पोहोचवणे ही त्याची खासियत. आकाश उंच अंगकाठीचा आणि बोनस रेषेवर प्रभावी. आदित्य सर्वांत नवखा.

१५ डिसेंबर २०२२ रोजी मुंबईत झालेल्या उपांत्य सामन्यात पुणेरी पलटणने तमिळ थलैवाजचा ३९-३७ असा पराभव केला. पंकज मोहितेने १६ गुण मिळवले. पवन सेहरावत, अस्लम इनामदार आणि मोहित गोयत हे तिघेही नसलेल्या या सामन्यात दोन्ही संघांच्या चढायांचा भार हंगामाच्या सुरुवातीला ज्यांची नावे फारशी घेतली जात नव्हती अशा खेळाडूंवर होता. तरीही एकूण ७६ गुणांची नोंद झाली.

दोन दिवसांनी, १७ डिसेंबरला, अंतिम सामन्यात जयपूर पिंक पँथर्सने पलटणला ३३-२९ असे हरवले. पिंक पँथर्सचा बचाव त्या हंगामात अतिशय शिस्तबद्ध होता आणि त्यांच्याकडे हंगामातील सर्वाधिक चढाई-गुण मिळवणारा अर्जुन देशवाल होता. पलटणच्या तरुण चढाईपटूंना उपांत्य सामन्यासारखी मोकळीक मिळाली नाही. चार गुणांचा फरक फार मोठा नव्हे. मुख्य जोडी असती तर निकाल वेगळा लागला असता, असे पलटणचे चाहते म्हणतात, पण पिंक पँथर्सच्या कोपरारक्षकांचा खेळ पाहता तसे खात्रीने म्हणता येत नाही.

पुढील हंगाम

दहाव्या हंगामात अस्लम इनामदार पुणेरी पलटणचा कर्णधार झाला. संघ साखळीत अव्वल राहिला आणि १ मार्च २०२४ रोजी हैदराबाद येथे हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे नमवून त्याने पहिले विजेतेपद मिळवले. या सामन्यात सर्वाधिक गुण मिळवले पंकज मोहितेने. एका चढाईत चार गडी टिपून त्याने मिळवलेले गुण निर्णायक ठरले. २०२२ मध्ये पर्याय म्हणून पुढे आलेला खेळाडू मुख्य चढाईपटू परतल्यानंतरही संघात आवश्यक राहिला, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे. दरम्यान, अस्लम आणि आकाश शिंदे हे दोघे हांगझोऊ येथील आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्णपदक मिळवणाऱ्या भारतीय संघात होते. ऑक्टोबर २०२३ मधील त्या अंतिम सामन्यात भारताने इराणला ३३-२९ असे हरवले. गुडघ्याच्या दुखापतीतून परतलेला पवन सेहरावत या संघाचा कर्णधार होता.

अकराव्या हंगामात (२०२४) पुन्हा तोच प्रसंग ओढवला. अस्लम गुडघ्याच्या दुखापतीमुळे बाहेर गेला आणि नेतृत्व आकाश शिंदेकडे आले. पर्याय जवळपास तेच होते, परंतु या वेळी निकाल उलटा लागला. गतविजेता संघ बाद फेरीतही पोहोचला नाही. डिसेंबरमधला अंतिम सामना पुण्यात, बालेवाडीच्या क्रीडा संकुलात झाला. तो हरियाणा स्टीलर्सने पाटणा पायरेट्सविरुद्ध जिंकला, आणि पुणेकरांना तो तटस्थ प्रेक्षक म्हणून पाहावा लागला.

अन्य उदाहरणे

सिद्धार्थ देसाई – कोल्हापूर जिल्ह्यातील चंदगड तालुक्याच्या या धिप्पाड चढाईपटूने २०१८ मध्ये यू मुंबाकडून पदार्पणातच दोनशेहून अधिक चढाई-गुण मिळवले. पुढच्या हंगामासाठी तेलुगू टायटन्सने त्याला १ कोटी ४५ लाखांना घेतले. आठव्या हंगामात (२०२१-२२) खांद्याच्या दुखापतीमुळे तो सुरुवातीच्या सामन्यांनंतरच बाहेर पडला. रोहित कुमारसारखा अनुभवी चढाईपटू संघात असूनही त्याची जागा भरून निघाली नाही. रजनीश व अंकित बेनिवाल या तरुणांनी काही सामन्यांत चांगल्या चढाया केल्या, पण बचाव ढिसाळ असल्याने त्यांचे गुण वाया गेले. बावीस सामन्यांत केवळ एक विजय मिळवून संघ तळाला राहिला. राखीव चढाईपटू अपयशी ठरला असे ज्या वेळी म्हटले जाते, त्या वेळी दोष पुष्कळदा मागच्या फळीत असतो. त्याचे हे ठळक उदाहरण आहे.

नवीन कुमार – दबंग दिल्लीचा हा चढाईपटू त्याच आठव्या हंगामात गुडघ्याच्या दुखापतीने काही सामने मुकला. विजय मलिक, आशू मलिक आणि अनुभवी खेळाडूंनी मिळून भार वाटून घेतला. नवीन परतला आणि अंतिम सामन्यात दिल्लीने पाटणा पायरेट्सला ३७-३६ असे हरवले. त्या सामन्यात नवीनने १३, तर विजय मलिकने १४ गुण मिळवले. दहाव्या हंगामात नवीन पुन्हा जायबंदी झाल्यावर आशू मलिककडे नेतृत्व आणि चढाया दोन्ही आल्या. त्याने २७६ चढाई-गुणांसह हंगामात पहिला क्रमांक पटकावला. पर्यायी चढाईपटूने संपूर्ण लीगमध्ये अव्वल ठरण्याची अशी उदाहरणे थोडी आहेत.

भारतीय संघ, २०१८ – जकार्ता येथील आशियाई स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात भारताला इराणकडून १८-२७ अशी हार पत्करावी लागली. १९९० मध्ये कबड्डीचा आशियाई स्पर्धेत समावेश झाल्यापासून पुरुष संघाचे सुवर्णपदक प्रथमच हुकले. कर्णधार अजय ठाकूर या सामन्यात जखमी झाला होता. संघात प्रदीप नरवाल, राहुल चौधरी, मोनू गोयत आणि महाराष्ट्राचा रिशांक देवाडिगा असे नावाजलेले चढाईपटू होते. पर्यायांची संख्या भरपूर असली तरी पकड मजबूत असलेल्या प्रतिस्पर्ध्यापुढे ती अपुरी पडू शकते, हे या सामन्यात दिसले.

जिल्हा व ग्रामीण पातळीवर

महाराष्ट्र राज्य कबड्डी असोसिएशनच्या राज्य स्पर्धेत जिल्ह्यांचे संघ उतरतात. व्यावसायिक संघाकडे वीसच्या आसपास खेळाडू, फिजिओ आणि पुढचा सामना दोन-तीन दिवसांनी अशी सोय असते. जळगाव किंवा धुळे जिल्ह्याच्या संघाला मात्र बारा जणांतच भागवावे लागते आणि एकाच दिवशी दोन-दोन सामने खेळावे लागतात. धरणगावसारख्या तालुक्याच्या गावी यात्रेच्या किंवा उत्सवाच्या निमित्ताने भरणाऱ्या निमंत्रितांच्या सामन्यांत तर काही संघ आठ-नऊ गड्यांनिशीच येतात. सकाळी घोटा मुरगळलेला चढाईपटू संध्याकाळी पट्टी बांधून पुन्हा उतरतो, कारण त्याच्या जागी बसलेला मुलगा शाळकरी असतो किंवा कुणी बसलेलेच नसते. या पातळीवर राखीव चढाईपटू बहुधा एखादा मध्यरक्षक असतो, आणि चढाईची सवय त्याला नाइलाजाने लागलेली असते. पुढे अष्टपैलू म्हणून ओळखले गेलेले अनेक खेळाडू याच वाटेने आले आहेत.

डावपेच

मुख्य चढाईपटू जखमी झाल्यानंतर उरलेला सामना निभावण्याच्या काही रूढ पद्धती आहेत. सर्वांत प्रचलित पद्धत म्हणजे खेळ संथ करणे. निदान-रेषा ओलांडून रिकाम्या हाताने परतायचे, वेळ काढायचा आणि गुणांसाठी पकडीवर विसंबायचे. ज्या स्पर्धांत तिसरी चढाई ‘करो या मरो’ असते तेथे हा डाव दोन चढायांपुरताच चालतो, म्हणून तिसऱ्या चढाईसाठी एक विशिष्ट खेळाडू राखून ठेवला जातो. असा खेळाडू एरवी सामान्य असला तरी चालते. दडपणाखाली एक स्पर्श मिळवणे एवढेच त्याचे काम असते. अंगणात तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असता यशस्वी पकडीला (अव्वल पकड) जादा गुण मिळतो, त्याचाही अशा संघांना आधार वाटतो. काही प्रशिक्षक उलट मार्ग घेतात. बोनसवर हातखंडा असलेला राखीव खेळाडू उतरवून, प्रतिपक्षाचे सातही गडी उभे असतानाच एकेक गुण वेचायचा. आकाश शिंदेसारख्या उंच खेळाडूला हा मार्ग सोयीचा पडतो. समोरचे गडी पाचांवर आले की बोनस बंद होतो, आणि तेव्हा पुन्हा पंकज मोहितेसारख्या निसटून जाणाऱ्या चढाईपटूची गरज लागते.